सुंद्रीच्या पाठीवरची अक्षरं

दिनू, तुझा फ्लेक्स मीच केला. दुसरं कोण करणार होतं? आपल्या पेठेत माणूस गेला की त्याला पोहोचवून मंडळी घरी परतायच्या आत त्याचा फोटो माझ्या दुकानात येतो. तीस वर्षं लग्नपत्रिका, बारशाची कार्डं नि असले फलक जुळवतेय, माझ्यासाठी ते रोजचंच. तुझा फोटो तुझ्या थोरल्या भावानं आणून दिला. त्यात तू भुवया वर करून कुणाकडं तरी बघतोयस, वाद घालायच्या तयारीत. मी मागची भिंत काढून टाकली, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं, खाली तुझं नाव. आणि हे सगळं केलं त्याच सॉफ्टवेअरवर, ज्याचं नाव काढलं की तू कानाला हात लावायचास. छापणारा म्हणाला, "मावशी, त्याच फाइलीत द्या, दुसरी आमच्याकडं उघडत न्हाय." दिली बाबा. तू असतास तर पायरीवरनंच ओरडला असतास, "मंदे, मेल्यावर तरी मला बंद पेटीत घालू नगोस की!"

तो फलक दूध कट्ट्याच्या कोपऱ्यावर लागलाय. त्याच्यासमोरनं जाताना मी खाली मान घालते.

आज सत्तावीस दिवस झाले. दुपारची वेळ आहे, शटर अर्धं ओढलंय, बाहेर उन्हानं रस्ता पेंगुळलाय. कोपऱ्यात सुंद्रीचा पंखा फिरतोय. सुंद्री म्हणजे तू नाव ठेवलेलं माझं जुनं मशीन, हे तुला सांगायला नको, पण उद्या हे दुसऱ्या कुणी वाचलं तर त्याला कळायला हवं. त्या घरघरीत मला तंद्री लागते, धड झोप नाही, धड जाग नाही. नि त्या तंद्रीत तू येतोस. खुर्ची उलटी फिरवून बसतोस, टेस्टर कानामागं खोचतोस, पडद्याकडं बघत राहतोस. मी बोलायला तोंड उघडते, तेवढ्यात दारात कुणीतरी म्हणतं, "पत्रिका झाली का ओ?" आणि खुर्ची रिकामी असते.

तुला एक गोष्ट सांगायची राहिलीय. नऊ वर्षं राहिलीय. वहिनीनं, तुझ्या बायकोनं, मला तोंडावर सांगितलं, "मला न्हवं, त्यास्नी सांग." तेव्हापासनं रोज ह्या मशीनपुढं बसतेय आणि रोज उठतेय. आज उठणार नाही. पण मी एकदम मुद्द्याला हात घातलाय असं कधी झालंय का? तूच म्हणायचास, मंदीला हाकेवरच्या रंकाळ्याला जायचं आसंल तर ती आधी लांब गगनबावड्याला जाऊन येती.

तर आधी गगनबावडा.

तुझे वडील गवळी. सकाळ-संध्याकाळ म्हशी घेऊन कट्ट्यावर उभे असायचे. गिऱ्हाइकानं पेला पुढं धरायचा आणि त्यांनी त्याच्या डोळ्यांदेखत त्यात धार काढून द्यायची. तू म्हशीत रमला नाहीस, रेडिओ-टीव्ही उघडून बसायचास. मग कॉम्प्युटर आले. भंगारातला एक उचलून आणलास, त्यावर लिनक्स ही फुकटची, खुली सिस्टीम घातलीस. घालता घालता कॉम्प्युटरनं विचारलं, ह्या मशीनचं नाव काय ठेवायचं? तू लिहिलंस, हरणी. तुमच्या गोठ्यातली सगळ्यात गरीब म्हैस. त्यानंतर जे मशीन तुझ्या हाताखालनं गेलं ते गोठ्यात दाखल झालं. तालमीच्या ऑफिसात मोरी, वाचनालयात चिंगी, शाळेत काशी. लोकांना वाटायचं काहीतरी तांत्रिक भानगड असेल. तुझे वडील तेवढे कपाळाला हात लावायचे, "मी म्हशी कमी करत आलो नि ह्यानं गोठा भरला."

त्या वेळची डिस्क चालताना आवाज करायची. तू कान लावून ऐकायचास, डोळे मिटून. "ऐक गं, हरणी रवंथ करतीया." मला तेव्हा हसू यायचं. आता सगळी मशिनं मुकी झाली आणि मला तो आवाज दुपारी कुठनं तरी लांबनं येतोय असं वाटतं.

हे लिनक्स कशाला वापरायचं, असं तुला कुणी विचारलं की तुझी गाडी सुटायची. "पिशवीतलं दूध पिता न्हवं? त्यात पाणी किती, पावडर किती, कळतंय काय? न्हाय. आता आमच्या बापाकडं या. म्हस समोर, धार समोर, फेस समोर. हे लिनक्स म्हंजे कट्ट्यावरचं दूध हाय. आत काय हाय ते ज्याला बघायचं त्यानं वाकून बघावं." मी म्हणायची, "मी वाकून बघितलं तरी मला काय कळणार? कंबर तेवढी धरायची." त्यावर तू, "तुला न्हाय कळणार. पर ज्याला कळतंय त्यो बघतोय, एवढं तुला म्हाईत आसलं की बास." समोरचा माणूस आलेला असायचा माउस बदलायला. त्याला दूध पाजूनच सोडायचास.

आणि ते तुझं यंत्रांवरचं प्रेम. मशीन म्हातारं होत नाही, त्याच्यावरचं ओझं वाढतं, हे तुझं ठाम मत. धूळ काढा, रॅम वाढवा, जुनी डिस्क काढून नवी घाला, पळतंय की नाही बघा. राधानगरीकडच्या शाळेत पावसाळ्यात ओलीनं मशिनं सुरू होईनात, तर तू प्रत्येकाशेजारी उबेला एक पिवळा बल्ब लटकवून आलास. मास्तरांनी फोन करून सांगितलं, सगळी सुरू झाली. दिवसभर नुसता गालात हसत होतास.

एकदा माझ्या भाचीचा नवा लॅपटॉप आणला होता, पातळ, चकचकीत. तू त्याला उलटा केलास, आडवा केलास, चष्मा वर सरकवून स्क्रू शोधलेस. कसाबसा उघडलास आणि बघतच राहिलास. "रॅम चिकटवलीया गं ह्यात. जन्माची चिकटवलीया." इतक्या हळू आवाजात तू कधी बोलत नव्हतास. घरात कुणी दगावल्यासारखा तोंड पाडून बसलास. मग एकदम उसळलास, "ज्याचा स्क्रू मला उघडता येत न्हाय ती वस्तू माझी कशी?" भाची घाबरून लॅपटॉप घेऊन पळाली.

मी काही तुझी भक्त नव्हते. माझं गिऱ्हाईक दारात उभं असतं, अक्षता दोन दिवसांवर आलेल्या असतात, छापखान्याला ठरावीक फाइल लागते. तुझी तत्त्वं घेऊन मी काय पत्रिकेवर गणपतीच्या जागी छापू? असं मी म्हटलं की तू चिडायचास, मी चिडायची, आणि चहा गार व्हायचा. मेल्या, म्हणायची मी तुला उठता-बसता. आता तो शब्द जिभेवर येतो आणि मागं फिरतो.

पण आपला खरा वाद ह्यावर नव्हताच. खरा वाद माझ्या अक्षरांचा.

दिवाळीच्या पाडव्याला तुमच्या गोठ्यात काय धांदल असायची! म्हशींना आंघोळी, शिंगांना रंग, शिंगांत मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा, आणि मग पाठीवर नाव. नाव घालायचं काम माझं. माझं अक्षर चांगलं म्हणून तुझे वडील मला हाक मारायचे, "मंदाताई, या, तुमची गिऱ्हाइकं थांबल्यात." तू शिंगं धरायचास, मी कुंचला घ्यायची. म्हशीच्या पाठीवर बारीक अक्षर टिकत नाही, तिची कातडी थरथरते. जाड लिहावं लागतं, एका दमात, आणि पाठीच्या उतारानं अक्षर जरा तिरकं होतं. बाकीच्या उभ्या राहायच्या. सुंद्री राहायची नाही, ती लाथाळ. तिच्या पाठीवरचा 'सुं' लिहिताना तू लाथ खाल्लीस आणि शिंगं मात्र सोडली नाहीस. मी नाव पुरं केलं तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तू म्हणत होतास, "नाद खुळा अक्षर आलंय!"

तीच अक्षरं मी पुढं कॉम्प्युटरवर आणली. सगळी बाराखडी, जोडाक्षरं, आकडे. आधी कागदावर कुंचल्यानं, मग स्कॅन करून, मग एकेक वळण माउसनं घोटून. दुकान सांभाळून तीन वर्षं लागली. बाजारात कुणाकडं नसलेला फॉन्ट होता तो, जाड, ठसठशीत, जरा तिरका. पहिली पत्रिका त्यात जुळवली ती मुरगूडच्या माझ्या बहिणीच्या मुलीची. लोक पत्रिका हातात धरून विचारायचे, ही अक्षरं कुठली? मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

आणि तू काय म्हणालास? "आता खुला कर."

"म्हणजे?"

"सगळ्यांस्नी दे. आतली रेघन् रेघ दिसंल असा दे. कुणाला बदलायचा त्यानं बदलावा."

मी उखडलेच. माझ्या अक्षराला दुसऱ्यानं हात लावायचा? मी म्हटलं, "तीन वर्षं डोळे मी फोडलेत." तू म्हणालास, "व्हय, पर शिकलीस कुठं? आमच्या म्हशीच्या पाठीवर. शिंगं मी धरली. मग ती तुझ्या एकटीची कशी गं?" मी तुला दुकानातनंच घालवून दिलं. आठवतंय? तू पायरीवर बसून राहिलास आणि आतला चहा बाहेर मागवलास.

मग तो दसरा आला.

खंडेनवमीला तू नेहमीप्रमाणं आलास. आपल्याकडं त्या दिवशी अवजारं पुजतात, आणि तुझ्या मते मळक्या अवजाराची पूजा म्हणजे पाप. तू सकाळपासनं माझं मशीन उघडून बसलास. ब्लोअरनं धूळ काढलीस, मऊ ब्रश फिरवलास, सगळ्या वायरी काढून पुसून परत लावल्यास. आत दोन डिस्क होत्या, एकीत माझं सगळं काम, दुसरी रिकामी. त्या दोघींच्या वायरी लावताना अदलाबदल झाली. तुला कळलं नाही, मला कळायचा प्रश्नच नव्हता. आपण झेंडूची फुलं वाहिली, हळदकुंकू लावलं, पेढा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दसरा. तू म्हणालास, चांगला दिवस हाय, रिकाम्या डिस्कवर लिनक्स घालू, दोन्ही सिस्टीम राहतील, तुला पटंल ती वापर. मी म्हटलं घाल बाबा एकदाचं. इन्स्टॉल करताना त्यानं विचारलं, कुठल्या डिस्कवर? तू म्हणालास, दुसरीवर. रोज दुसरी असायची ती त्या दिवशी पहिली झाली होती. नाव विचारलं तेव्हा हसत हसत 'सुंद्री' लिहिलंस, माझ्याकडं तिरकं बघत. मशीन सुरू झालं. मी माझं फोल्डर शोधायला लागले. तुझा चेहरा बघूनच मला कळलं, माझ्या कामाचीच डिस्क पुसली गेली होती. तुझ्या हातात आपट्याची पानं होती, मला द्यायला आणलेली, ती तशीच राहिली.

मी ओरडले नाही. ओरडायला हवं होतं. मी फक्त म्हटलं, "जा."

तू गेलास, आणि पुढच्याच गुरुवारी परत आलास. गुरुवारी तुझं दुकान बंद असायचं. बरोबर तीन वाजता पायरीवर उभा. "डिस्क दे. काढतो मी." मूळ डिस्कला हात लावायचा नाही, तिची प्रत काढायची आणि प्रतीवरच काम करायचं, असं म्हणून तू मूळ डिस्क घरी नेऊन ठेवलीस आणि प्रत सुंद्रीत घातलीस. माझ्या कामाला दुसरं मशीन उभं करून दिलंस. आणि मग सुरू झाले आपले गुरुवार.

दिनू, त्या दुपारी आठवल्या की मला खरंच कळत नाही, त्या घडल्या की मी पेंगताना बघितल्या. तू सुंद्रीला शोधायला लावायचास. ती डिस्कचा कण न् कण चाळायची, आणि पडद्यावर काहीबाही वर यायचं. कुणाच्या तरी बारशाचा अर्धा पाळणा. कुठल्याशा नवरीचं नाव, नवरदेवाशिवाय. आणि मधनंच माझी अक्षरं, तुकड्यातुकड्यानं. एक वेलांटी. अर्धा क्ष. एकदा 'ळ' आला, वरची दोन वेटोळी स्पष्ट, खाली सगळं करडं. तू टाळी वाजवलीस. "बघ! हाय की आत! निघतंय!" खिडकीतनं ऊन तिरकं यायचं, त्यात धूळ तरंगायची, वहिनीनं पाठवलेल्या धपाट्यांचा वास दुकानभर असायचा, आणि आपण दोघं अर्ध्या 'ळ'कडं बघत बसायचो. गिऱ्हाईक आलं तरी मी म्हणायची, थांबा जरा.

आता रंकाळा.

त्या दसऱ्यानंतरच्या मे महिन्यात मी मुरगूडला गेले होते. बहिणीनं परसातल्या पेरूला जुन्या सीड्या टांगल्या होत्या, पाखरं पेरू खाऊ नयेत म्हणून. उन्हात नुसत्या चमकत होत्या. मी सहज विचारलं, ह्या कसल्या गं? ती म्हणाली, "कसल्या का असंनात. लग्नाच्या, कीर्तनाच्या. तू पोरीच्या पत्रिकेबरोबर दिलेली तेवढी अल्बममधी ऱ्हायली, ती न्हाय टांगली." मी अल्बम उघडला. शेवटच्या पानाच्या खिशात कागदी पाकिटात ती सीडी होती. भाचीची पत्रिका ऐनवेळी मुरगूडलाच बदलावी लागली तर असावं म्हणून मी अख्खं फोल्डर तिच्यावर उतरवून दिलं होतं, आणि साफ विसरले होते.

घरी येऊन घातली. सगळं होतं. अ पासून ज्ञ पर्यंत, एक वळण कमी नाही.

तो बुधवार होता. दुसऱ्या दिवशी तू येणार होतास. मी ठरवलं होतं, दारातच सांगायचं. खोटं नाही बोलत, मनात एक दुष्टावाही होता. म्हटलं, आठ दिवस जळू दे अजून ह्याला, तीन वर्षं माझी गेली होती. आणि तू आलास तो उजळलेल्या तोंडानं. नवीन कुठलं तरी अवजार मिळालं होतं तुला, फुकटचं, खुलं, जगाच्या पाठीवर कुणीतरी बसून केलेलं. "मंदे, ह्येनं नक्की निघतंय!" मी चहा टाकायला आत गेले. आतच उभी राहिले. चहा उतू गेला.

पुढच्या गुरुवारी सांगू म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. मग वर्ष झालं, आणि आता सांगितलं तर वर्षभर का नाही सांगितलंस, ह्याचं उत्तर कुठनं आणू? शिवाय तू विचारलं असतंस, मग करतीस का खुला? तो वाद पुन्हा नको होता मला. तू मला एकदा म्हणालास, "परत काढ की गं." मी म्हटलं, हात तसा राहिला नाही. तू मान खाली घातलीस. तेवढंच बोलणं मला आयुष्यात परत घेता आलं असतं तर मी घेतलं असतं.

आणि सगळ्यात खरं कारण सांगू? नवरा गेल्यापासनं माझ्या घरात भांड्यांचाच आवाज. आठवड्यातनं एकदा तीन वाजता एक माणूस पायरीवर येऊन माझ्याशी भांडत होता. सीडी बाहेर काढली असती तर तू कशाला आला असतास? असं मला वाटायचं. तू आला असतास, हे मला आता कळतंय. तू कुठल्याही कारणानं आला असतास.

तुझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तू दरडावायचास, "बॅकअप घेतलाय? मान डोलावू नगा, तोंडानं सांगा." लोक हसायचे. मी हसत नव्हते. कारण तू दर वेळी ते बोलताना माझ्या दुकानाच्या दिशेनं बघायचास.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या. पदराखालनं एक पुडकं काढलं, मऊ फडक्यात गुंडाळलेलं. आत ती मूळ डिस्क. वर कागद चिकटवलेला, तुझ्या त्या ठोकळ्या अक्षरात, 'मंदीची. हात लावू नये.' वहिनी म्हणाल्या, "त्येंनी सांगून ठेवलंतं. आज न्हाय तर उद्या नवी हत्यारं येतील, निघंल म्हणून. मला काय कळतंय त्यातलं? तुझं हाय, तुझ्याकडं आसू दे."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "वहिनी, सगळं हाय माझ्याकडं. पहिल्यापासनं हाय." आणि कपाटातनं सीडी काढून टेबलावर ठेवली.

त्यांना कळायला वेळ लागला. मी दोनदा सांगितलं. मग त्या हळूच खुर्चीत बसल्या, तुझ्याच. म्हणाल्या, "दर दसऱ्याला पुढ्यातलं गोड तसंच ठेवून उठायचं. घरात कुणाला वाटायचं साखर वाढलीया. मला म्हाईत हुतं. म्हणायचं, मंदीची तीन वर्षं मी ह्या दिवशी खाल्ली. पुढ्यातलं गोड तसंच ठेवून उठायचं." मी त्यांचे पाय धरायला वाकले तर त्यांनी पाय मागं घेतले. "माझं पाय धरून काय करतीस? मला न्हवं, त्यास्नी सांग." आणि निघून गेल्या. फडकंसुद्धा न्यायला परत आल्या नाहीत.

दोन दिवस मी दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी सुंद्री सुरू केली, सीडी घातली, आणि तू जे इतकी वर्षं कानीकपाळी ओरडत होतास ते केलं. अक्षरं इंटरनेटवर खुली केली. आतल्या रेघांसकट, सगळ्यांना दिसतील, नेता येतील, बदलता येतील अशी. चुकत माकत, तू वहीत लिहून दिलेलं वाचत वाचत. फॉन्टचं नाव विचारलं, सुंद्री लिहिलं. अक्षरं कुणाची, असंही विचारलं. मी लिहिलं, मंदाकिनी, दिनकर आणि एक म्हैस.

वाटलं होतं, कोण बघतंय? आठवड्यानं निरोप आला. कुठल्या गावचं, बाई की बुवा, मला ठाऊक नाही. लिहिलं होतं, अक्षरं फार आवडली, पण 'ळ' खाली जरा ढासळलाय, मी दुरुस्त केलाय, पटला तर घ्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या 'ळ'ला हात? रागारागानं उघडला. आणि बघत राहिले. दिनू, तो माझ्या 'ळ'पेक्षा चांगला आहे. वरची वेटोळी माझीच, जशीच्या तशी, आणि खाली जिथं आपल्याला नऊ वर्षं करडं दिसत होतं तिथं त्या अनोळखी माणसानं सुरेख शेपूट ओढलंय. मी घेतला. तुझंच खरं झालं. एकदा तरी तुझ्या तोंडावर हे म्हणायला हवं होतं मी.

हे सगळं मी सुंद्रीवर लिहितेय, सुंद्रीच्या अक्षरांत. परवा तुझा महिना. छापणाऱ्याशी भांडून आलेय, नवा फलक ह्याच अक्षरांत लागेल. त्याला म्हटलं, तुझ्याकडं उघडत न्हाय तर उघडायला शीक.

आज गुरुवार आहे. मघाशी पायरीवर काहीतरी वाजलं म्हणून बघायला गेले. डबा होता. वहिनी वळणावर पाठमोऱ्या दिसल्या, त्यांनी मागं बघितलं नाही. डब्यात धपाटी आहेत, दोघांना पुरतील एवढी. नेहमीसारखी.

तीन वाजलेत. ऊन टेबलावर आलंय. तुझी खुर्ची मी उलटी फिरवून ठेवलीय. दिनू, बस. सीडी मुरगूडला होती, मग माझ्या कपाटात होती. तुझ्या हातनं माझं काहीसुद्धा गेलं नव्हतं.